बॅटरी उपाशी का राहते?

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी गाडीत बसाल तेव्हा एक करून पाहा. किल्ली फिरवा, पण गाडी लगेच सुरू करू नका. स्टिअरिंगमागच्या पाटीवर बरेच लाल-पिवळे दिवे एकदम लागतील. त्यात एक लहानसा लाल डबा असतो, त्यावर अधिक-उण्याची खूण असते. आता गाडी सुरू करा. दोन-तीन सेकंदांत तो डबा विझला पाहिजे. विझला की निर्धास्त निघा. पण चालत्या गाडीत तो पुन्हा लागला, तर आपण सगळ्याजणी काय म्हणतो? "बॅटरी गेली वाटतं!" घरातले पुरुषही तेच म्हणतात, आणि बॅटरीच्या दुकानात तर हे वाक्य ऐकायलाच बसलेले असतात.

चित्र बॅटरीचं असलं, तरी तो दिवा सांगत असतो की बॅटरीत वीज भरली जात नाहीये. ती भरण्याचं काम ज्याचं, त्याचं नाव अल्टरनेटर. गाडी घेताना रंग, मायलेज, सीटकव्हर सगळं आपण विचारतो, याचं नाव मात्र तो बिघडल्यावरच कानावर पडतं.

भारनियमनाचे दिवस आठवतात ना? दुपारभर लाइन नसायची आणि आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आले होते. लाइन असली की इन्व्हर्टरची बॅटरी भरायची, लाइन गेली की तीच बॅटरी पंखा आणि ट्यूबलाइट चालवायची. लाइन आलीच नाही तर काही तासांनी इन्व्हर्टर टूं टूं करत मान टाकायचा. गाडीत जवळपास हाच प्रकार आहे. बॅटरीचं मुख्य काम म्हणजे गाडी सुरू करून देणं. एकदा इंजिन चालू झालं की हेडलाइट, एसीचा पंखा, वायपर, काचा, हॉर्न, इंजिनातला कॉम्प्युटर या सगळ्यांना वीज पुरवतो तो अल्टरनेटर, आणि उरलेली वीज बॅटरीत भरतो. म्हणजे अल्टरनेटर ही आपली लाइन आणि बॅटरी हा इन्व्हर्टर. लाइन गेली तरी गाडी चालत राहते, पण किती वेळ, ते बॅटरीत किती शिल्लक आहे त्यावर.

बॉनेट उघडलंत तर इंजिनाच्या कडेला, रबरी पट्ट्यावर फिरणारा, जाळीदार अॅल्युमिनिअमच्या कवचाचा, नारळापेक्षा थोडा मोठा गोळा दिसेल. तोच हा. आत तांब्याच्या तारांची गुंडाळी असते आणि तिच्या मधोमध फिरणारा विद्युतचुंबक. चुंबक फिरला की गुंडाळीत वीज तयार होते. ही वीज आपल्या घरातल्यासारखी, दिशा बदलणारी असते. बॅटरीला ती चालत नाही, तिला एकाच दिशेची वीज लागते. म्हणून आत डायोडची एक प्लेट असते, ती वीज एकाच दिशेने जाऊ देते. वीज जास्त होऊ नये म्हणून रेग्युलेटर असतो आणि फिरत्या चुंबकाला वीज पोचवायला पेन्सिलीच्या शिशासारखे दोन कार्बनचे तुकडे असतात, त्यांना ब्रश म्हणतात. यातलं काहीही झिजतं, जळतं. एवढं लक्षात राहिलं तरी वायरमनसमोर तुम्ही हरणार नाही. (गाडीच्या विजेचं काम करणारा तो आपल्याकडे वायरमन. पाटीवर ऑटो इलेक्ट्रिशियन असं लिहिलेलं असलं तरी.)

जुने वायरमन याला अजून डायनामो म्हणतात. अँबेसिडर, फियाटच्या जमान्यात डायनामोच असायचा, म्हणून ते नाव तोंडात बसलं. दोघांचं काम एकच, पण डायनामो सावकाश चालणाऱ्या गाडीत फारशी वीज देत नसे. अल्टरनेटर इंजिन नुसतं गुरगुरत असतानाही देतो. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० मध्ये तो आपल्या गाडीत बसवला आणि मग हळूहळू सगळीकडे तोच आला.

आणि या विजेच्या भानगडीशी आपलं, म्हणजे बायकांचं, एक जुनं नातं आहे बरं का. पूर्वी गाडी सुरू करायची म्हणजे पुढे उभं राहून लोखंडी हँडल गरागरा फिरवायचं. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवरचा स्टार्टर आला आणि आत बसल्या बसल्या गाडी सुरू होऊ लागली. बायकांना गाडी चालवणं सोपं होण्यात त्या स्टार्टरचा वाटा फार मोठा. स्टार्टर आला म्हणून मोठी बॅटरी आली आणि बॅटरी आली म्हणून ती भरणारं यंत्र आलं. त्याच्याही आधी, ऑगस्ट १८८८ मध्ये, जर्मनीत बेर्था बेंझ ही बाई नवऱ्याने बनवलेली गाडी घेऊन दोन मुलांसह माहेरी निघाली होती, मानहाइमहून फोर्ट्सहाइमला. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर, म्हणजे जवळपास आपलं अमरावती ते अकोला! वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली, ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडं बसवून घेतलं. तिच्या गाडीत अल्टरनेटर नव्हता, नाहीतर तिने त्याचंही काही केलं असतं.

माझंही माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं. हा रस्ता मी गेली कित्येक वर्षं स्वतः गाडी चालवत करते. आधी खड्डे मोजत करायची. जून २०२२ मध्ये याच मार्गावर ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज बुकात नाव गेलं, तेव्हापासून आमच्या घरात त्या रस्त्याचं कौतुक जरा जास्तच आहे. रस्ता चांगला झाला, गाडी मात्र २०२३ च्या उन्हाळ्यात कुरकुरायला लागली.

त्याआधीच्या डिसेंबरात बॅटरी नवी घातली होती, साडेचार हजारांची. एप्रिलमध्ये एका सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं टक टक टक. दुकानदाराने बॅटरी चार्ज करून दिली आणि यांना सांगितलं, "वहिनी रात्री लाइट चालू ठेवत असतील." झालं! ते वाक्य आमच्या घरात महिनाभर फिरलं. पंधरा दिवसांनी पुन्हा टक टक. पुन्हा तेच वाक्य. मी रोज गाडी लावल्यावर मागे जाऊन दिवे पाहून यायची, तरी कोणाला पटेना.

मे महिन्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. सकाळी सातला तिला घेऊन दवाखान्यात पोचायचं, म्हणून आदल्या दिवशी शाळेतलं काम उरकून साडेचारच्या पुढे मी निघाले. बडनेरा गेलं, लोणी गेलं. मूर्तिजापूरला चहा घेतला, गाडी कशीबशी सुरू झाली. पुढे कुरणखेडच्या आसपास ऊन उतरलं आणि पाटीवरचा तो लाल डबा दिसला. धड लागलेला नाही, धड विझलेला नाही, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा मंद. भर उन्हात तो दिसलाच नसता. एसीचा पंखाही जरा दमल्यासारखा वाटत होता.

माझ्या मामाकडे जिनिंगचा कापूस वाहणारी मॅटाडोर होती. तो म्हणायचा, "लाल दिवा लागला का बाकी सगळं बंद कर, पण इंजिन बंद करू नको." मी एसी बंद केला, गाणी बंद केली, मोबाइलचं चार्जर काढलं, काचा खाली केल्या. मे महिन्यातलं अकोल्याचं वारं तुम्हाला सांगायला नको, तव्यावरून आल्यासारखं तोंडावर येत होतं. एक डोळा इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर. बोरगाव मंजू मागे पडलं, कृषी विद्यापीठाचं आवार दिसायला लागलं, अजून उजेड होता. हेडलाइट लावायची वेळ येण्याआधी मी भावाच्या ओळखीच्या वायरमनच्या दारात गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवून.

त्याने मीटरची लाल-काळी टोकं बॅटरीला लावली. इंजिन चालू असताना आकडा १२.१. "ताई, बॅटरी चांगली हाये," तो म्हणाला, "तिले जेवाले भेटून नाही राह्यलं." मी त्याला रात्रीतून बॅटरी उतरते ते सांगितलं, लाइटचं प्रकरणही सांगितलं. तो हसला. "लाइटचा काही संबंधच नाही ताई. याचा डायोड गेला असन. दिवसा जेवू घालत नाही, अन् रात्री तिच्याच ताटातलं खाऊन राह्यला हा."

किती सोपं सांगितलं पाहा! डायोड हा एका दिशेने उघडणारा दरवाजा. तो खराब झाला की दिवसा वीज कमी भरली जाते, आणि गाडी उभी असताना बॅटरीतली वीज त्याच दरवाजाने उलटी झिरपून जाते. सकाळी बॅटरी रिकामी. दोष येतो बॅटरीवर, नाहीतर वहिनींवर.

त्या रात्री फोनवर घरून काय आलं असेल ते ओळखा. "आता एकटी जात जाऊ नको. ड्रायव्हर करू." काळजीपोटीच म्हणाले, मी नाही म्हणत नाही. पण पुरुषाची गाडी बंद पडली तर गाडी गॅरेजात जाते. बाईची गाडी बंद पडली तर तिचं जाणंच बंद होतं. आठ-पंधरा दिवसांनी आईला भेटणं, वेळीअवेळी तिला दवाखान्यात नेणं, सगळं त्या एका लाल दिव्यापाशी येऊन अडलं होतं. दुसऱ्या दिवशी आईला ऑटोने नेलं, ऑपरेशन छान झालं. संध्याकाळी गाडी तयार होती: डायोडची प्लेट नवी, ब्रश नवे, बेअरिंग नवं, नवा अल्टरनेटर घ्यावा लागलाच नाही. जुनी प्लेट मी मागून घेतली, पेपरात गुंडाळून अमरावतीला आणली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. लाइटचा विषय त्यानंतर निघाला नाही. ड्रायव्हरचाही.

आता तुमच्यावर ही वेळ आली तर काय करायचं, ते नीट सांगते. दिवा लागताक्षणी तापमानाचा काटा पाहा. काही गाड्यांत जो पट्टा अल्टरनेटर फिरवतो, तोच इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही फिरवतो. पट्टा तुटला असेल तर काटा वर चढेल. तसं झालं तर बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा, तिथे मामाचा नियम नाही चालायचा. काटा जागेवर असेल तर एसी, गाणी, चार्जर बंद करा, पण इंजिन बंद करू नका, कारण पुन्हा सुरू होईलच असं नाही. मामाची मॅटाडोर डिझेलवरची, जुनी. एकदा सुरू झाली की विजेवाचून दिवसभर पळायची. आजच्या गाड्या तशा नाहीत. पेट्रोलचा पंप, स्पार्क, कॉम्प्युटर सगळं विजेवर. छोट्या गाडीत साधारण ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. रात्री हेडलाइट, रेडिएटरचा पंखा आणि एसी असा सगळा संसार चालू असेल तर ती कागदावर तासभर पुरते, प्रत्यक्षात जुनी बॅटरी अर्ध्या तासातही हात टेकते. दिवसा सगळं बंद ठेवलं तर त्याहून बरीच जास्त. म्हणून दिवसा असाल तर जवळचं गाव गाठा, रात्र असेल तर जवळचा उजेडाचा पेट्रोलपंप. हेडलाइट पिवळे पडायला लागले आणि स्टिअरिंग जड झालं की पुढे जायचा हट्ट नको. अंधारात दिवे गेलेली गाडी हायवेवर चालवणं म्हणजे जिवाशी खेळ.

दुरुस्ती की नवा? माझं मत सांगते. ब्रश, बेअरिंग, डायोडची प्लेट, रेग्युलेटर हे सुटं मिळतं आणि चांगला वायरमन ते बदलतो. खर्च नव्याच्या मानाने बराच कमी. पण तांब्याची गुंडाळी काळी पडली असेल, जळका वास येत असेल किंवा गाडीने लाखभर किलोमीटर ओलांडले असतील, तर नवा घेतलेला परवडतो. नवा घेताना गाडीचं मॉडेल, साल आणि जुन्या अल्टरनेटरवरचा अँपिअरचा आकडा जुळलाच पाहिजे. कमी अँपिअरचा स्वस्त मिळाला म्हणून घेतला तर एसी आणि हेडलाइट एकदम लावल्यावर तो पुरा पडत नाही. रंग मारून नव्यासारखे केलेले जुने अल्टरनेटरही बाजारात असतात. तेही वाईट नसतात, फक्त जुन्याला नव्याचा भाव देऊ नका. पक्कं बिल आणि त्यावर वॉरंटी लिहून घ्या, आणि जुना भाग परत मागा. नुसतं "जुना परत द्या" म्हटलं तरी कामात फरक पडतो, हा माझा अनुभव आहे.

बदलायचं काम सुरू असताना तिथे उभ्या राहा, लाजू नका. आधी बॅटरीचं उणे बाजूचं टोक सुटलं पाहिजे. अल्टरनेटरला जाणाऱ्या जाड तारेत गाडी बंद असतानाही बॅटरीची वीज असते. ते न सोडता पाना लावला तर ठिणगी उडते, तार जळते. मग पट्टा ढिला करतात, जाड तार आणि छोटा प्लग काढतात, दोन-तीन बोल्ट काढले की गोळा हातात. काही गाड्यांत तो इतका खाली दडलेला असतो की आजूबाजूचं बरंच उघडावं लागतं, तेव्हा मजुरी जास्त सांगितली तर उगाच वाद घालू नका. पट्ट्याला भेगा असतील तर तोही याच वेळी बदला. जाड तारेचा नट घट्ट आणि त्यावरची रबरी टोपी परत बसलेली, हे स्वतः पाहा. रिकामी बॅटरी बाहेर चार्ज करून घ्या. ती भरण्याचा सगळा भार नव्या अल्टरनेटरवर टाकला तर तो तापतो.

शेवटी मीटर. हे यंत्र काही शे रुपयांत मिळतं, मिक्सरच्या एका भांड्यापेक्षा स्वस्त. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॅटरीवर १२.६ च्या आसपास आकडा हवा. १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. एसी, हेडलाइट लावूनही तो फार खाली येता कामा नये. उलट १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला. तेव्हा बॅटरीला कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि बल्ब वारंवार उडतात. अलीकडच्या काही गाड्यांत अल्टरनेटर इंधन वाचवायला स्वतःच कमी-जास्त होतो. तिथे एकदाच पाहून निकाल देऊ नका, थोडा वेळ पाहा. ज्या गाड्यांत स्टार्टर आणि अल्टरनेटर एकच असतो (माइल्ड हायब्रिड म्हणतात त्या), त्या सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. विजेच्या गाडीत तर अल्टरनेटर नसतोच.

एक प्रकार मात्र अजिबात करू देऊ नका. अजून काही गॅरेजात इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टोक काढतात. "पाहा, गाडी चालू आहे, म्हणजे डायनामो चांगला." जुन्या गाड्यांत चालून गेलं. आजच्या गाडीत त्या झटक्याने व्होल्टेज उसळतं आणि चांगला डायोड किंवा महागडा कॉम्प्युटर जळू शकतो. सरळ सांगा, मीटर लावा.

आणि बॉनेट उघडून स्वतः पाहणार असाल तर ओढणी सोडून ठेवा, वेणी आत खोचा, पदर कमरेला. फिरता पट्टा वाट पाहत नाही. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद केल्यावरही अचानक फिरू शकतो. बांगड्या, अंगठ्या, लोंबतं मंगळसूत्र बॅटरीच्या दोन्ही टोकांना एकदम लागलं तर सोनं तापून कातडी भाजते. तेवढ्यापुरतं काढून ठेवलं तर काही बिघडत नाही, सासूबाईंना मी सांगते!

एरवीची काळजी फार नाही. सकाळी गाडी सुरू करताना चीं असा आवाज आला तर पट्टा ढिला किंवा जुना. गुरगुर-घरघर असेल तर बेअरिंग. वॉशिंग सेंटरवाल्याला बॉनेटखाली जोराचा फवारा मारू देऊ नका, ते पाणी जाळीतून सरळ आत जातं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर ती अल्टरनेटरचंही काम वाढवते, साफ करून घ्या. आणि आपला उन्हाळा! मे २०२४ मध्ये अकोल्यात उन्हापायी जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. एवढ्या उन्हात बॅटरीतलं पाणी भराभर उडतं. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्याला एकदा पातळी पाहा आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला, फिल्टरचं किंवा नळाचं नको.

सुट्यांत गावाला जाणार असाल आणि गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहणार असेल, तर निघताना बॅटरीचं उणे टोक सोडून ठेवा. परत आल्यावर लावलं की घड्याळ आणि रेडिओ पुन्हा जुळवावा लागेल, तेवढंच. आणि घरी कोणी असेल तर "रोज पाच मिनिटं चालू करून ठेव" असं सांगू नका. सुरू करताना जेवढी वीज जाते, ती पाच मिनिटांत धड भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा बायपासपर्यंत अर्धा तास चक्कर मारून ये, असं सांगा.